पाचव्या लेण्याचे नाव

'सहल' हा शब्द आमच्या घरात माझ्या शाळेबरोबर आला. त्यापूर्वी आमची माणसे गाव सोडून जात नव्हती असे नाही. ती मैलोगणती चालत होती. येसकरीचा सांगावा घेऊन जात होती, मेलेले ढोर ओढायला जात होती, दुष्काळात खडी फोडायला जात होती. पण केवळ पाहण्यासाठी कोठे तरी जायचे असते, ही कल्पना आमच्या वाट्याला आलेली नव्हती. १९६९ च्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गाची सहल वेरूळला निघाली, तेव्हा आईने वर्गणीचे पैसे उसने आणले. तिने विचारलेला प्रश्न अजून आठवतो. "तिथं काय मिळतं रे?" काहीच मिळत नाही, नुसते बघायचे असते, हे मला तिला नीट सांगता आले नाही.

आमच्या गुरुजींच्या हातात एक छोटी माहितीपुस्तिका होती. तीत बघून ते लेण्यांची नावे सांगत होते. दक्षिणेकडून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मग म्हणाले, "हे पाचवे. याला महारवाडा म्हणतात." चाळीस मुलांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. एकजण म्हणाला, "आलं बघ तुझं घर." सगळे हसले. गुरुजीही हसले आणि सहाव्या लेण्याकडे चालू लागले.

मी मागे राहिलो. रुसून राहिलो असेन. त्या वयात दुसरे काय असणार? पण मागे राहिल्यामुळे ते लेणे मी पाहिले. बाकीच्या मुलांनी ते पाहिले नाही. आत ११७ फूट खोल गेलेला लांबच लांब दिवाणखाना आहे, दोन्ही बाजूंना मिळून २४ खांब आहेत, आणि मधोमध दगडातूनच काढलेले दोन सखल, लांब ओटे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आहेत. त्या ओट्यांच्या दोन्ही अंगांना भिक्खू समोरासमोर ओळीने बसत असावेत. अध्ययनासाठी किंवा भोजनासाठी. एकाच ओळीत, एकाच उंचीवर. टोकाशी बुद्धाची मूर्ती. बाराव्या वर्षी मला यातले काही कळले नाही. एवढेच वाटले, की वाडा असा असेल तर हसण्यासारखे काय आहे?

या नावाचा उलगडा पुढे शिक्षक झाल्यावर, वाचनालयात बसल्यावर झाला. वेरूळची एक ते बारा ही लेणी बौद्ध आहेत, तेरा ते एकोणतीस ब्राह्मणी आणि तीस ते चौतीस जैन. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० मध्ये निघाला. त्यात दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांच्या गटाला 'ढेडवाडा' आणि पाचव्या लेण्याला 'महारवाडा' ही स्थानिक नावे नोंदलेली आहेत. पावसाळ्यात तेथे महार मंडळी आसऱ्याला राहत, म्हणून हे नाव पडले असे कारण सांगितले जाते. म्हणजे ज्यांना गावात जागा नव्हती ते लेण्यात गेले, आणि त्यांच्या जाण्याने लेण्याला त्यांचे नाव चिकटले. नाव ठेवणारे साहेब नव्हते. साहेबांनी गाव बोलत होता ते लिहून घेतले. मला हे नाव आता शिवीसारखे वाटत नाही. एका पावसाळी रात्री त्या ओट्यावर कोणी तरी लेकरू निजवले असेल, त्याची ती नोंद आहे. पण ज्या गावाने ती नोंद ठेवली त्याच्या मनात मात्र तुच्छता होती, हेही विसरता येत नाही. आजच्या पुस्तिकांतून ही नावे बहुधा गळाली आहेत. नुसता आकडा राहिला आहे. काहींना ही सुधारणा वाटते. मला वाटते, घाव झाकला गेला आहे, एवढेच.

याच वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी बाबासाहेब १९३४ मध्ये निघाले होते. चळवळीतील कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, की आपण सर्व मिळून एकदा प्रेक्षणीय स्थळे पाहू या. सुमारे तीस माणसे, भाड्याच्या गाड्या. दौऱ्याचा गाजावाजा मुद्दामच केला नव्हता, कारण वाटेत ओळख पटली की काय होते हे सर्वांना ठाऊक होते. नाशिकहून औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बाजूला जाताना निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला आधी लागला. धुळीने माखलेली मंडळी दाराबाहेरच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या हौदावर हातपाय धुऊन आत जाण्याची परवानगी विचारू लागली. तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान 'ढेडांनी हौद बाटवला' म्हणून ओरडत आला. रमजानचा महिना होता. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना रोखठोक विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो काय? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही काय? जमाव गप्प झाला. मग पहारेकऱ्याने परवानगी दिली, ती एका अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. तो वाचताना आपण नेहमी अपमानापाशी थांबतो. मला त्यातली दुसरी गोष्टही महत्त्वाची वाटते. गोलमेज परिषदांना जाऊन आलेला, पुणे करारावर सही केलेला हा माणूस अखेर निघाला होता कशासाठी? जुने दगड पाहण्यासाठी. इतिहासाचा हा हक्क त्यांना इतका मोलाचा वाटत होता, की शिपायाच्या पहाऱ्यातही त्यांनी किल्ला पाहिला. आज आपण तिकीट काढून आत जातो. दार उघडले आहे. पण पाहतो काय, आणि आपल्याला दाखवतात काय, हा प्रश्न उरतोच.

कोणत्याही लेण्यापाशी जा. वाटाड्या तुम्हाला पहिल्यांदा सांगेल, की हे पांडवांनी एका रात्रीत कोरले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांचे नावच 'पांडवलेणी' पडले. ही कथा निरुपद्रवी वाटते. पण तिने काय काम केले ते पाहावे. एका रात्रीत कोरले म्हटले, की पिढ्यान् पिढ्या छिन्नी चालवणारे हात नाहीसे होतात. देवांनी, दैवी पुरुषांनी केले म्हटले, की मजुरी कोणी दिली, भाकरी कोणी बांधून आणली, छिन्न्यांना धार कोणी लावली, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. कैलास लेण्यातून सुमारे दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. आता तर अशी मंडळी निघाली आहेत, की जी सांगतात, हे काम परग्रहावरच्यांनी केले! पांडव जुने झाले म्हणून परग्रहवासी आणले. पण पाथरवट काही आत येऊ दिला नाही.

खरे तर दगडाने स्वतःच बरेच सांगून ठेवले आहे. सह्याद्रीतल्या जुन्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेले लेख आहेत. बहुतेक अगदी लहान : एक ओळ, दोन ओळी. त्यांचा साचा ठरलेला. अमक्या गावचा, अमका धंदा करणारा, अमक्याचा मुलगा, त्याचे हे 'दान' किंवा 'देयधम', म्हणजे धर्मदान. काय दिले तेही लिहिलेले असते : खांब, खोली, पाण्याचे टाके, वाट. हा साचा एकदा समजला की लेणे वेगळे दिसू लागते. ते एका राजाचे राहत नाही, वर्गणीतून उभे राहिलेले दिसते.

कार्ल्याचे उदाहरण घ्या. तेथील चैत्यगृह आपल्या देशातील सर्वांत भव्य चैत्यगृहांपैकी एक. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पुरे केले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे असे कोरून ठेवले. पैसेवाल्याचा अभिमान, तो बाजूला ठेवू. आत खांबाखांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या माणसांची नावे आहेत, त्यांत यवन म्हणवणारेही आहेत. सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दर्शनी दाराच्या कामाला दान दिले. आणि दारापाशीच एक लेख सांगतो, की धेनुकाकटचा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी याने हे 'घराचे मुख' केले. केले! दिले नव्हे. कामगाराची सही आहे ती. मी कार्ल्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ठाऊक नव्हते. समोरच्या एकवीरेच्या देवळाची रांग पाहिली, गर्दीत आत शिरलो, वर लाकडी कमानी बघितल्या आणि उतरलो. दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड अजून जागेवर आहे हे ऐकून थक्क झालो. पण सुताराचे नाव दारावर आहे हे मला कोणी सांगितले नाही.

कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने एक वाट करून दिली. त्या डोंगरावर शेकडो खोदीव पायऱ्या आहेत, त्या चढताना मला त्याची आठवण येते. कुड्याला कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे, फुलमाळ्याचे आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की हे मूर्तिकाम आम्ही केले. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे नाव आहे. राजाचे नाव तेथे येते ते या कारागिराच्या ओळखीपुरते. (सांचीलाच अशोकाचा खांब तुकडे होऊन पडलेला दिसतो. एका जमीनदाराने तो उसाचा घाणा करण्यासाठी फोडला असे सांगतात. वारसा, वारसा म्हणून आज गहिवरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

जुन्नरच्या लेखांतून आणखी एक गोष्ट कळते. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक खोदकामे आहेत. तेथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. आणखी एका लेखात संघासाठीचा पैसा वासकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासाकारांच्या, म्हणजे काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीत ठेवला आहे. त्याच्या महिन्याच्या व्याजातून खर्च चालायचा. म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांच्या श्रेणीवर लोकांचा एवढा विश्वास होता, की कायमची ठेव तिच्याकडे ठेवावी. आज तेच काम करणारा बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. मधल्या काळात काय घडले? टोपली तीच, बांबू तोच, बोटे तीच. त्याच जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या एका बौद्ध विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे आणि अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची रीघ लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना वासकारांची ठेव ठाऊक असेल?

नाशिकचा हिशोब तर शाळेच्या गणिताच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात लिहून ठेवले, की ३००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींत ठेवले. एकीकडे २०००, महिना शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. २००० चे वर्षाचे व्याज २४० झाले, आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. मी हे गणित सातवीच्या मुलांना फळ्यावर घालत असे. उत्तर बरोबर आले की सांगत असे, हे गणित एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर सोडवले आहे, कोष्ट्यांच्या भरवशावर.

पण येथे मला आपल्याच मंडळींना सावध करायचे आहे. अलीकडे आपण लेण्यांत जातो ते आधीच उत्तर ठरवून. जुने ते सर्व समतेचे, मागाहून आले ते सर्व विषमतेचे, असा सोपा हिशोब मांडतो. नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. पुलुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमीपुत्र सातकर्णीच्या या आईने ते लेणे भदायनीय भिक्खूंना दिले. त्या लेखात तिने मुलाचे गुण गायले आहेत. त्यांत तो अद्वितीय ब्राह्मण असल्याचे आहे, क्षत्रियांचा दर्प मोडल्याचे आहे, आणि चार वर्णांचा संकर त्याने थांबवला हेही आहे. भिक्खूंच्या राहण्याच्या ठिकाणी, त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीत, वर्णव्यवस्था राखल्याची ही प्रशस्ती! ज्या संघात वर्ण विचारला जात नव्हता, त्याला घर देणारा हात असा होता. भिक्खूंनी तो लेख वाचून काय म्हटले असेल? त्यांना लेणे हवे होते. दाता मोठा होता. आपल्या संस्थांना देणग्या कोठून येतात आणि फलकावर काय लिहून घ्यावे लागते, याचा विचार करणाऱ्याला ही अडचण परकी वाटणार नाही.

तोच प्रकार नावांचा. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे आहेत. त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, ती महारांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, आणि तेव्हापासून तो स्तंभ आपला झाला. कार्ल्याच्या सिंहस्तंभावर अग्निमित्रणक नावाच्या महारठीचे दान आहे. हे वाचून माझा एक मित्र उडालाच. म्हणाला, "सर, हा 'णक' म्हणजे आपलाच 'नाक'!" असेलही. पण ध्वनी जुळला म्हणून नाते जोडायचे, ही खोड आपण पुराणिकांकडून उचलू नये. पुराव्याविना केलेला अभिमान दुसऱ्या एखाद्या शहाण्याने खोडला, की आपले खरे पुरावेही लोक हसण्यावारी नेतात.

आता पाण्याकडे येतो. लेण्यांत सर्वांत कमी पाहिली जाणारी वस्तू म्हणजे पाण्याचे टाके. प्राकृतात त्याला 'पोढी' म्हणतात. कातळात चौकोनी तोंड, आत खोल गारवा, पन्हळीतून पावसाचे पाणी उतरवलेले. भाज्याला एका टाक्यावर महारठी विष्णुदत्ताचे नाव आहे. कान्हेरीला जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या पायथ्याशी टाके आहे. पोढीचे दान हे मोठे पुण्य मानत, कारण डोंगरावर पाण्यावाचून वर्षावास होत नाही. त्या पाण्याला कोणी शिवावे आणि कोणी शिवू नये, असे या दानलेखांत कोठे लिहिलेले मला आढळलेले नाही.

आणि महाडला? मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल डोकी फुटली. मग तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ उजाडले. त्याच महाडपासून जवळच, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. चवदार तळ्याला जाणाऱ्यांनी ती चुकवू नयेत.

पाण्याचा विषय निघाला की मी एक शिलालेख हमखास सांगतो. तो महाराष्ट्रातला नाही, अमरावतीचा आहे. आपल्या वऱ्हाडातली नव्हे, आंध्रात कृष्णाकाठी आहे ती. तेथे प्रचंड स्तूप होता. कर्नल मॅकेंझी १७९७ मध्ये तेथे पोचला, तेव्हा तेथील जमीनदार बांधकामाला दगड मिळावेत म्हणून तो उकरत होता. पुढे उरल्यासुरल्या शिळा मद्रासला गेल्या आणि बऱ्याच लंडनला. या स्तूपाच्या लेखांत एक दान आहे चम्मकार विधिक याचे. चम्मकार म्हणजे चामड्याचे काम करणारा. बापाचे नाव नाग, आणि त्या नावाला 'उपाध्याय' जोडलेले. आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली, सगेसोयरे या सर्वांसह त्याने एक शिळा दिली. शिळेचा विषय त्याने लेखातच नोंदवला आहे : पूर्णघट. काठोकाठ भरलेला, कमळे उमललेला पाण्याचा घट.

चर्मकाराच्या घराण्याने दिलेला भरला घट पवित्र स्तूपाला लागला. मी येथेही स्वतःला आवरतो. तेव्हाचा चम्मकार म्हणजे नंतरचा अस्पृश्य, असे सरळ म्हणता येत नाही. अस्पृश्यता कशी आणि केव्हा घट्ट होत गेली हा वेगळा, मोठा प्रश्न आहे. पण एवढे दगडावर आहे, की एक काळ असा होता, जेव्हा हा धंदा लपवावा लागत नव्हता. नावाच्या आधी तो अभिमानाने कोरला जात होता. चेन्नईच्या संग्रहालयात अमरावतीच्या शिळा मांडल्या आहेत. त्यांतला एक पूर्णघट पाहताना माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी वहीत चित्र काढत होती. तिला सांगावेसे वाटले. पण मला तमिळ येत नाही, तिला मराठी येत नसावी.

निवृत्त झाल्यापासून मी वस्तीतल्या मंडळींना घेऊन दरवर्षी एक फेरी काढतो. गाडी ठरवायची, डबे बांधायचे, निघायचे. दोन गोष्टींवर माझे भांडण होते. पहिली, लेण्यात मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावण्यावरून. धुराने कातळ काळा होतो, चित्रे असतील तर ती मरतात. वंदना करायला आवाज पुरतो. दुसरी, धावत्या फोटोंवरून. तरणी पोरे मूर्तीसमोर उभी राहतात, फोटो काढतात आणि पुढच्या लेण्यात शिरतात. त्यांना मी एकेक लेख वाटून देतो. तुझा सुतार, तुझा लोहार, तुझी टाकी. शोधून दाखव, मग जेवण. सुरुवातीला कुरकुर होते. मग एखादा वरून ओरडतो, "सर, सापडला!" आणि सगळे तिकडे धावतात. ब्राह्मीची मुळाक्षरे महिनाभरात येतात. माझ्या पोरांपैकी एकाला आता माझ्यापेक्षा चांगली येतात. तो माझ्या चुका सर्वांदेखत काढतो.

मागच्या फेरीला आम्ही वेरूळ आधी केले आणि परतताना दौलताबादला थांबलो. आमच्याबरोबर शेजारच्या मावशी होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखणारे. पाचव्या लेण्यात त्या मधल्या सखल ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हितं बरं वाटतंय. मी काय पुढं येत नाही, तुम्ही जाऊन या." मी त्यांना त्या लेण्याचे जुने नाव सांगितले. १९६९ ची हकिगतही सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग ओट्यावर हात फिरवून म्हणाल्या, "वाडा मोठा हाय की पण." आणि पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायल्या.

दौलताबादच्या दाराशी पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. आत जाण्यापूर्वी मी सर्वांना बाहेर बसवले आणि बाबासाहेबांनी लिहिलेला तो प्रसंग मराठीत सांगितला. पोरे मान खाली घालून ऐकत होती. तिकिटाच्या खिडकीत माणसाने विचारले, "किती जण?" मी म्हणालो, "बत्तीस." त्याने मोजली, पैसे घेतले, तिकिटे दिली. आणखी काही विचारले नाही. आम्ही दारातून आत निघालो, तेव्हा मावशींनी माझी बाही धरून मागे ओढले.

"ते पाणी कुठं होतं म्हणालात, गुरुजी? ते आधी दाखवा."